एक तास पंचवीस मिनिटं

माझं काम सांगायला सोपं आहे. एका बातम्यांच्या संकेतस्थळासाठी मी दोन शहरांमधलं अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ सांगणारी पानं लिहितो. नाशिक ते नागपूर, नांदेड ते कोल्हापूर, अकोला ते रत्नागिरी. त्याआधी बावीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. आता वसईतल्या घरी बसून दिवसाला सहा पानं होतात.

पद्धत ठरलेली आहे. नकाशावर दोन शहरांमध्ये सरळ रेषा धरायची, तिच्या लांबीला ताशी साडेसातशे किलोमीटरने भागायचं, चढण्या-उतरण्याची तीस मिनिटं मिळवायची. येईल तो आकडा ठळक अक्षरात द्यायचा. त्या दोन शहरांमध्ये विमान उडतं की नाही, हे पद्धतीत विचारलेलं नाही.

सुरुवातीच्या पानांखाली एक वाक्य असायचं : ‘घरापासून विमानतळापर्यंतचा आणि तपासणीचा वेळ यात धरलेला नाही.’ ते मी काढून टाकलं. ज्या वाक्यावाचून अडत नाही ते काढावं, ही डेस्कवरची सवय होती.

अकोला ते रत्नागिरी या पानाखाली एकदा एका वाचकाने लिहिलं होतं, की मुलगी रत्नागिरीला बाळंत झाली आहे, गुडघ्यांमुळे गाडीत फार वेळ बसवत नाही, सव्वा तासाचं हे विमान अकोल्यात कुठून सुटतं आणि तिकीट कुठे मिळेल? अकोल्याहून प्रवासी विमान सुटत नव्हतं आणि रत्नागिरीला उतरत नव्हतं. मी ते वाचलं आणि उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं तर पान चुकलं असं म्हणावं लागलं असतं. पान चुकलेलं नव्हतं; भागाकार बरोबर होता. त्या वेळी मला एवढं पुरेसं वाटलं.

मुंबई ते नागपूर हे पानही माझंच. सरळ रेषेत सुमारे सहाशे ऐंशी किलोमीटर, एक तास पंचवीस मिनिटं. माझी थोरली बहीण लग्न होऊन नागपूरला गेली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. फोनवर ती ‘ये रे एकदा’ म्हणायची आणि मी म्हणायचो, ‘ताई, दीड तासाचं तर अंतर आहे, कधीही येईन.’ अठ्ठावीस वर्षांत चारदा गेलो. त्यातला एक फेरा मेव्हण्यांच्या दहाव्याचा होता.

मागच्या वर्षी मे महिन्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मुहूर्त दुपारी बारा वाजून सतरा मिनिटांचा होता. वडील नाहीत, सख्खा मामा एकच. गुरुजी ‘मुलीच्या मामांनी मुलीला आणावं’ म्हणतील तेव्हा तिला बोहल्यावर घेऊन जायला मी असणार, हे कोणी ठरवावं लागलं नाही.

आमच्या घरात आणखी एक रीत आहे. भाचीच्या वेणीतला सोनचाफा मामाने माहेरच्या वाडीतून आणायचा, आणि तोही स्वतःच्या हाताने खुडलेला. एकवीस फुलं. आमची भुईगावची वाडी आता चुलतभाऊ आणि त्याची बायको बघतात. केळी आहेत, थोडी पानवेल, कडेला चाफ्याची झाडं. मी वाडीत जातो तो पाहुण्यासारखा.

भाचीचा फोन आला. तिकीट तीच काढणार होती.

“मामा, आदल्या दिवशीचं काढू ना? आई म्हणते दोन दिवस आधीच ये.”

“नको. चाफा आदल्या दिवशी खुडला तर मुहूर्तापर्यंत काळा पडेल. लग्नाच्या दिवशी सकाळचं काढ. आठ पंचवीसचं. नऊ पन्नासला उतरतो.”

“पक्कं? उगाच धावपळ होऊन राहील तुझी.”

“अगं, दीड तास. मीच लिहिलंय ते.”

ती हसली. “हो, वाचलंय मी. फुलं नाही आली तरी चालतील, पण तू ये.”

फुलांचं कारण खरं होतं, पण एकमेव नव्हतं. दोन दिवस तिथे राहायचं म्हणजे मेव्हण्यांच्या नातेवाइकांत बसायचं आणि ‘इतक्या वर्षांत दिसला नाहीत’ हे दहा तोंडांनी ऐकायचं. सकाळी येऊन, मुलीचा हात धरून, संध्याकाळच्या विमानाने परत, हे मला बरं वाटत होतं. चाफा लवकर काळा पडतो हे माझ्या सोयीचं होतं.

मी कागदावर वेळापत्रक मांडलं. चार चाळीसला वाडीत. फुलं खुडायला वीस मिनिटं. पाचला गाडी. रस्त्याला सव्वा तास. सव्वासहाला विमानतळ. हाताशी भरपूर वेळ उरत होता.

चार चाळीसला मी झाडाखाली होतो. चुलतवहिनी आधीच उठून शिडी लावून उभी होती. बाहेर अंधार होता. मी मोबाईलचा दिवा लावला, तो दातांत धरला आणि शिडी चढलो. दिव्याच्या उजेडात सगळी फुलं सारखीच पिवळी दिसतात. आज उमलणारं कोणतं आणि कालचं कोणतं, ते मला कळेना. अकरा खुडून खाली दिली. वहिनीने ती एकेक करून बोटांनी चाचपली आणि सात बाजूला टाकली.

“ही कालची. ही दोन कच्ची. भाऊजी, दिवा कशाला लावलाय? हाताला कळतं. आजचं फूल देठाशी घट्ट असतं.”

“मला नाही कळत.”

“मग उतरा. मी देते खुडून. कोण बघायला आलंय?”

“नको. मामाने खुडायची असतात.”

“मग मामाने लहानपणी शिकायचं असतं,” वहिनी म्हणाली आणि शिडी धरून उभी राहिली.

मी उजेडाची वाट पाहिली. पाच पस्तीसला फुलांचे रंग वेगळे दिसायला लागले. एकवीस फुलं पुरी झाली तेव्हा पाच पन्नास झाले होते. वहिनीने ती ओल्या फडक्यात आणि वरून केळीच्या पानात बांधून दिली. गाडी निघाली तेव्हा पाच बावन्न.

सातिवलीच्या गोदामांतून निघालेले कंटेनर महामार्गाच्या तोंडाशी अडकले होते. खाडीवरच्या पुलाआधी पुन्हा तेच. विमानतळावर सात एकेचाळीसला पोचलो. रस्त्याला एक तास एकोणपन्नास मिनिटं लागली होती. माझ्या हिशेबापेक्षा चौतीस जास्त. झाडाने बावन्न जास्त घेतली होती. रस्त्याची चौतीस मिनिटं वेळापत्रकात सहज मावली असती. झाडाची मावली नाहीत. हे मी तपासणीच्या रांगेत उभा असताना मोजलं. मोजण्याखेरीज तिथे करण्यासारखं काही नव्हतं.

आठ वाजून तीन मिनिटांनी मी गेटपाशी होतो. गेट आठला बंद झालं होतं. काचेपलीकडे विमान उभं होतं. मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं की भाचीचं लग्न आहे, मी मामा आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या विमानाची वेळ सांगितली. अकरा पाच. म्हणजे नागपूरला साडेबारा. मुहूर्त बारा सतराचा.

तिकीट घेतलं आणि आठ वाजून दहा मिनिटांनी बहिणीला फोन केला.

“ताई, विमान जरा उशिरा सुटतंय.”

“किती उशिरा?”

“सांगत नाहीत अजून.”

मागे सनई वाजत होती आणि कोणीतरी ‘तांब्या कुठे ठेवलाय’ म्हणून ओरडत होतं.

“बरं,” ती म्हणाली. “घाबरू नकोस. ये.”

‘विमान उशिरा सुटतंय’ हे मी ठरवून म्हटलं नव्हतं, ते तोंडातून निघालं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. फोन लावण्याआधी मी दोन मिनिटं खुर्चीवर बसलो होतो आणि दोन वाक्यं मनात करून पाहिली होती. ‘विमान चुकलं’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कसं’ आला असता. ‘विमान उशिरा’ म्हटलं की पुढे काही विचारत नाहीत.

मुहूर्ताला तेव्हा चार तास होते. मी वेळेत पोचणार नाही हे मला पक्कं माहीत होतं आणि तिकडे कोणालाच माहीत नव्हतं, अशी माझी समजूत होती. दुसरा फोन करून ‘माझ्यासाठी थांबू नका, दुसऱ्या कोणाला उभं करा’ एवढं सांगता आलं असतं. मुलीच्या मनाची तयारी झाली असती. मी फोन केला नाही. दोनदा तो हातात घेतला आणि बातम्या वाचल्या.

विमानात बसल्यावर चाफ्याचा वास तीन-चार रांगांत पसरला. शेजारचे गृहस्थ वळले.

“कुठला हो चाफा?”

“वसईचा. भुईगावचा.”

“वा. लग्नाला?”

“भाचीच्या.”

“म्हणजे मामा तुम्ही! मोठा मान. मुहूर्त कितीचा?”

“संध्याकाळचा,” मी म्हटलं.

त्या माणसाचा माझ्याशी काही संबंध नव्हता. त्याला खोटं सांगायची गरजही नव्हती. बारा वाजून सतरा मिनिटांनी पट्टे बांधायची सूचना झाली आणि विमान खाली येऊ लागलं. मी घड्याळ बघत होतो. ते गृहस्थ म्हणाले, “अगदी वेळेवर आहे.”

कार्यालयात एक वाजून पंधरा मिनिटांनी पोचलो. पंगती बसल्या होत्या. बहीण दारातच होती, जणू इतका वेळ तिथेच उभी असावी. तिच्या मागून नवऱ्या मुलाचे काका आले.

“या मामा! तुमच्या विमानाने तुमचा मान घालवला की!”

मी काही बोलायच्या आत बहीण म्हणाली, “त्याचा काय दोष? तीन तास बसवून ठेवलं हो बिचाऱ्याला. पहाटेपासून फुलं घेऊन बसलाय.”

“या विमानवाल्यांचं असंच असतं,” काका म्हणाले. “त्यापेक्षा आपली रेल्वे बरी. चला, जेवून घ्या.”

बहिणीने मला कोपऱ्यातल्या टेबलाशी नेलं आणि स्वतः ताट आणून समोर ठेवलं. वाढणाऱ्याला बोलावून वडे वाढायला सांगितले. तो गेल्यावर आवाज न बदलता म्हणाली, “तुझं विमान नऊ पंचेचाळीसला उतरलं. पाच मिनिटं आधीच.”

मी वडा मोडून ताटातच ठेवला.

“मोबाईलवर दिसतं हल्ली. सकाळपासून बघत होते मी. वाटलं, आला, येतोय. साडेदहापर्यंत वाट पाहिली. मग कळलं.”

“ताई...”

“जेव. सगळे बघतायत. आणि पोरीला सांगू नकोस. तिला वाटतंय विमानच उशिरा आलं. आजच्या दिवस राहू दे.”

मग मी विचारलं, तिला कोणी आणलं.

बहीण म्हणाली, “गुरुजींनी दोनदा हाक दिली. मुलाच्या घरचे म्हणाले, आमच्यातला कोणी उभा करतो. ही खोलीच्या दारात उभी होती. म्हणाली, आई, तू चल. मी म्हटलं, अगं मी कशी? लोक काय म्हणतील? तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही. गेले मग.”

एवढं सांगून ती दुसऱ्या पंगतीकडे गेली. माझ्या जागी एक विधवा बाई आपल्या मुलीला घेऊन बोहल्यापर्यंत चालत गेली होती, आणि ती चालत असताना मी हवेत पट्टा बांधून बसलो होतो. तिने जे केलं ते माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मला तिथेच दिसलं. त्यामुळे माझा अपराध कमी होत नव्हता. तिला ते शंभर लोकांसमोर, मनाची काहीही तयारी नसताना, माझ्यामुळे करावं लागलं होतं.

भाची नवऱ्याबरोबर पाया पडायला आली. मी पुडा पुढे केला. तिने केळीचं पान उलगडलं. पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. “वास आहे अजून,” ती म्हणाली आणि पुडा पुन्हा नीट बांधून हातात ठेवला. तिच्या वेणीत बाजारचा मोगरा होता.

संध्याकाळच्या विमानाने मी परत आलो. ते वेळेवर होतं.

दिवाळीनंतर भाची आणि जावई चार दिवस वसईला आले. एका दुपारी मी त्यांना भुईगावला वाडी दाखवायला नेलं. वहिनी केळीखाली पाला ओढत होती. भाची थेट चाफ्याकडे गेली आणि नवऱ्याला म्हणाली, “हेच ते झाड.”

जावई चांगला मुलगा आहे. त्याने सहज विचारलं, “मामा, त्या दिवशी विमान नक्की किती लेट होतं? आमचे काका अजून सगळ्यांना सांगतात.”

वहिनीचा हात थांबला. पाच पन्नासला मी शिडीवर होतो हे तिला माहीत होतं. ती माझ्याकडे पाहत होती, टोमणा मारायचा म्हणून नव्हे. मी काय म्हणतो ते तिला ऐकायचं होतं.

“विमान वेळेवर होतं,” मी म्हटलं. “मी चुकवलं. आणि फोनवर खोटं सांगितलं.”

जावई अवघडला. भाची चाफ्याची खालची फांदी धरून उभी होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

“माहितीये मामा.”

“ताईने सांगितलं?”

“आईला कुठे माहितीये! तिकीट मी काढलं होतं ना. नंबर माझाच दिला होता. आठ वाजून पाच मिनिटांनी मेसेज आला, प्रवासी चढला नाही म्हणून. माझे केस बांधून राहिले होते. पाच मिनिटांनी आई सांगायला आली, मामाचं विमान उशिरा आहे. मी म्हटलं, असू दे, येईल.”

“मग तू तिला का...”

“तिचा भाऊ आहेस तू. त्या दिवशी तिला ते कळायला नको होतं.” तिने फांदी सोडली. “मी सकाळीच ठरवलं होतं, आईलाच घेऊन जायचं. आधी सांगितलं असतं तर ती तयारच झाली नसती.”

आईलाही माहीत होतं, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे उरला आहे असं मला वाटलं नाही. साडेदहापासून मुहूर्तापर्यंत एकाच कार्यालयात दोघी एकमेकींपासून माझी लाज झाकत होत्या. आई मुलीला सांगत होती, येईल. मुलगी आईला सांगत होती, येईल. आणि मी आधी गेटसमोरच्या खुर्चीवर बसून बातम्या वाचत होतो, मग विमानात घड्याळ बघत होतो.

जावयाने विषय बदलण्यासाठी विचारलं, “उद्या आमचंही आठ पंचवीसचंच आहे. इथून विमानतळाला किती वेळ धरायचा?”

“पावणेदोन तास,” मी म्हटलं.

“तीन धरा,” वहिनी म्हणाली. “भाऊजींचं घड्याळ विमानात बसल्यावर सुरू होतं.”

भाची मोठ्याने हसली. मग जावईही हसला. मीही हसलो, कारण तसं न केल्यास त्यांना थांबावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आधी त्यांना घेऊन मी वाडीशी थांबलो. वहिनीला भाचीच्या आईसाठी फुलं द्यायची होती. ती शिडीवर होती आणि मी खाली. तिला दिसावं म्हणून मी मोबाईलचा दिवा वर धरला.

“बंद करा तो,” ती वरून म्हणाली. “डोळ्यांवर येतोय.”

मी बंद केला. अंधारात फक्त देठ तुटल्याचे आवाज येत होते. अकरा मिनिटांत एकवीस फुलं झाली. भाचीने ती केळीच्या पानात बांधली. पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो आणि विमानतळावर सातच्या आधी पोचलो. दाराशी ती उतरली, वाकून पाया पडली आणि पुडा छातीशी धरून आत गेली.

साडेअकराला बहिणीचा फोन आला.

“पोचली रे फुलं. टवटवीत आहेत. मुलीने माझ्याच केसांत माळलं एक, नको म्हणत असताना.”

“बरं झालं,” मी म्हटलं.

मग तिने विचारलं, “विमान वेळेवर होतं ना?”

“हो ताई,” मी म्हटलं. “त्या दिवशीही होतं.”

“ते ठेव तुझ्याजवळ,” ती म्हणाली. “आता सांग, राहायला कधी येतोस?”